जोडाचा दोर

पाण्यात एकट्यानं उतरायचं असेल तर जवळची प्रत्येक वस्तू दोन पाहिजे. मी हे बुधाजी मामाच्या मरणावरून शिकलो.

मामा विहिरीत पडलेल्या घागरी, बादल्या, मोटेची लोखंडं काढायचा. एका गावी तो असाच उतरला होता. कमरेचा दोर वर खांबाला बांधलेला. काम चालू असताना गाठ ढिली पडत गेली. विहिरीवर दहा-पंधरा माणसं उभी होती आणि सगळ्यांना ती गाठ दिसत होती. पण दोर मामाचा होता आणि मामा महार होता. "महारवाड्यातून कोनाले तरी हाका मारा, गाठ सुटून राह्यली," असं ती माणसं एकमेकांना सांगत राहिली. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. भिंतींना शेवाळ. मामा दमेपर्यंत पोहला.

तेव्हापासून मी दोन दोर ठेवले. दोन्ही अंबाडीचे, दोन्ही घरी वळलेले. एक कमरेला, त्याचं वरचं टोक एका झाडाला. दुसरा नुसता पाण्यात सोडलेला, हात-हात अंतरावर गाठी मारलेला, आणि तो दुसऱ्या झाडाला. दोन्ही दोर एकाच खुंटाला बांधणारा माणूस मूर्ख. सुऱ्याही दोन. एक कमरेला, एक डाव्या पोटरीला फडक्यानं आवळलेली. या दुसऱ्या सामानाला मी जोड म्हणायचो. लोक हसायचे. एकदा अकोल्याच्या जुन्या शहरात विहिरीत पडलेलं प्रेत काढायला मला नेलं होतं. माझं ओझं पाहून तिथला हवालदार म्हणाला, "काय बे, वरातीचं सामान घेऊन आला काय?" मी म्हटलं, "सायेब, तुमी दोर धरता काय?" तो दोन पावलं मागं सरकला. मी म्हटलं, "म्हनून आनलं."

पुढे पन्नाशीच्या आसपास मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. तिथे एका मासिकात समुद्रात उतरणाऱ्या माणसाचं चित्र होतं. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच. खाली लिहिलं होतं की एकट्यानं उतरायची वेळ आलीच तर हवेची दुसरी लहान टाकी न्यावी, दुसरी सुरी न्यावी, दुसरा दिवा न्यावा. पण शहाण्या माणसानं एकट्यानं उतरूच नये, सोबती घ्यावा. एकेक अक्षर लावत मी ते दोनदा वाचलं. सोबती घ्यावा म्हणे.

आता आमच्या गावच्या डोहाचं सांगतो.

गाव मूर्तिजापूरपासून पाच कोसांवर, पूर्णेच्या काठी. सगळा खारपाणाचा पट्टा. विहीर कुठेही खणा, पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि तहान भागत नाही. गोडं पाणी म्हणाल तर नदीच्या डोहात. डोहाच्या वरच्या अंगाला दगडी घाट आणि मारुतीचं देऊळ. तो घाट गावाचा. आमच्या बायकांनी खाली जायचं, गावाच्या म्हशी धुतात त्याच्याही खाली, आणि वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं. झिऱ्यात कधी शेण उतरायचं, कधी म्हशीचं मूत. पाणी गाळलं की फडकं हिरवं व्हायचं. ते फडकं आमच्या घरी दांडीवर वाळत असायचं आणि त्याचा वास घरभर असायचा. माझी मुलगी ललिता तेव्हा तीन वर्षांची होती. तिचं पोट महिन्यातले वीस दिवस बिघडलेलं असे. तिच्या आधीची दोन पोरं त्याच पाण्यानं गेली होती.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. देव सोडले. घरातल्या मरीमायचा दगड माझ्या बायकोनं, पंचफुलानं, टोपल्यात घालून नेला आणि नदीत टाकला. महारवाड्याचा बौद्धपुरा झाला. झिरे मात्र होते तिथेच राहिले.

पुढच्या पावसाळ्यात मोठा पूर आला. काठाखालची माती गेली आणि देऊळ बसलं ते सरळ डोहात. मारुती तळाला गेला. पाणी उतरून निवळ होईपर्यंत चैत्र उजाडला. हनुमान जयंतीला आठ दिवस राहिले तेव्हा खुशालराव पाटील आणि देवळाचा सहदेव गुरव आमच्या पुऱ्यात आले. घरापासून पंधरा हात लांब उभे राहिले.

"देवमन, हायेस काय घरात?"

मी बाहेर आलो. "जय भीम, पाटील."

आम्ही जोहार घालणं सोडलं होतं. पाटलांनी माझा नमस्कार माशी हाकलावी तसा हातानं बाजूला केला. "हो, हो. जयंती जवळ आली. देव काढा लागते."

"काढा नं मंग."

"डोह चार पुरुस खोल हाय. आमच्यातलं कोन जाते तेवढं खाली? पानबुड्या तू."

सहदेव गुरव म्हणाला, "पन एक गोठ आताच सांगून ठेवतो. देवाले हात नाही लावाचा."

"हात न लावता बांधू कसा? दातानं?"

पाटलांना हसू आलं. गुरवाला आलं नाही. "नवं धोतर देतो. ते हाताले गुंडाळजो."

घरातून पंचफुला बोलली. "ज्यायचा देव त्यायनं काढावा. आमचा आमी टाकला तवा तुमाले बलावलं होतं काय?"

"पंचफुला, तू मधात बोलू नको," पाटील म्हणाले.

"नाही बोलत. म्हशीचं मूत गाळत बसली हावो. चालू द्या तुमचं."

तिच्या त्या बोलण्यावर मला सुचलं. मी म्हटलं, "पाटील, देव काढतो. पन आमच्या बायका घाटावरून पानी भरतीन."

गुरव थुंकला. पाटलांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "देव निघाला का भरा. माहा शब्द हाय."

कायद्यानं तो घाट आमचाही होता. हे मला माहीत होतं आणि पाटलांनाही माहीत होतं. तरी मी मागितला आणि त्यांनी दिला. ते आठवलं की आजही पाटलांपेक्षा माझीच मला जास्त किळस येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डोहावर गेलो. घाटाच्या पायऱ्यांवरून गेलो नाही. बाजूच्या फुटक्या दरडीवरून गेलो. घाटावर आठ धडधाकट माणसं ओल्या धोतरांत उभी होती. देव ओढायचा म्हणून त्यांनी डोहात अंघोळी केल्या होत्या आणि ती सोवळ्यात होती. मूर्तिजापूरच्या बाजारातून आणलेला नवा जाड दोर पायरीवर वेटोळं करून ठेवला होता. खाली वाळूत झिऱ्यांपाशी आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. पंचफुला सगळ्यांच्या पुढे, आणि तिच्याजवळ शेजारची म्हातारी मनकर्णा.

मी कमरेचा दोर बाभळीला बांधला. दुसरा सोडायला घेतला तेव्हा सहदेव गुरवाची नजर त्याच्यावर पडली.

"देवमन, तुह्यापाशी दोन दोर हायत."

"हो."

"देवाले एकच हाय."

"मंग दुसरा आना."

"आता कुठून आनू? नऊ वाजेपर्यंत मुहूर्त हाय. बाजारचा दोर तुटला तं? देवाले जोड पाह्यजे. तुले कायले? तुले पोहता येते. देवाले येते काय?"

"येत नाही म्हनून तं खाली गेला," मी म्हटलं.

एकानं कानावर हात ठेवले. पाटील समजावणीच्या सुरात म्हणाले, "दे रे, देवमन. आठ मानसं हायत इथं. तुले काही झालं तं आमी काय पाहत राहू?"

बुधाजी मामा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पाणबुड्याचा धंदा असा आहे की त्यात भीड कामाची नाही. पण मी खाली वाळूकडे पाहिलं. घागरी मांडून बायका उभ्या होत्या. नाही म्हटलं तर हे लोक मुहूर्ताचं निमित्त करून घरी जातील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच झिरा. मी दोर पुढे केला.

"खाली ठेव," गुरव म्हणाला.

मी खाली ठेवला. गुरवानं तांब्यातलं गोमूत्र घेतलं आणि तुळशीच्या पानानं माझ्या दोरावर शिंपडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही गाठ न सोडता. मग आठांपैकी चौघांनी तो उचलला. तो दोर मी मांडीवर वळला होता. माझ्या मांडीचे केस त्यात असतील. त्याच्यावर गाईचं मूत पडलं आणि तो धरण्याजोगा झाला. मी समोर उभा होतो आणि मला ते पाहावं लागलं.

"तीन झटके देईन," मी सांगितलं. "तीन झटके लागल्याबिगर ओढायचं नाही. दोन्ही दोर बांधून झाल्यावर झटके देईन."

"हो, हो. उतर आता."

पहिल्या बुडीत मी फक्त शोध घेतला. वरचं पाणी कोमट होतं, पण खाली गेल्यावर दातखीळ बसावी असं गार. तळाला मांडीएवढा चिखल. देवळाचे घडीव दगड उलटेपालटे पडलेले आणि त्यांच्यात एक लिंबाचं झाड मुळांसकट अडकलेलं. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. गुरवानं दिलेलं धोतर पाण्यात उतरल्या उतरल्या हातांवरून सुटून गेलं होतं. मी चाचपत गेलो. मारुती पालथा सापडला. शेंदराचा थर दोन बोटं जाड. सहा-सात महिने पाण्यात राहून तो फुगला होता आणि लोण्यासारखा मऊ झाला होता. माझी बोटं त्यात रुतली. मेलेल्या माणसाला पाण्यात हात लावला की असंच लागतं. मी प्रेतं पुष्कळ काढली आहेत, म्हणून सांगतो.

वर आलो तर दोन्ही पंजे लाल. धुतले तरी निघेनात.

"लावला!" गुरव ओरडला. "हात लावला यानं!"

"धोतर वाहून गेलं."

"वाहून कसं गेलं? सोडलं तू!"

"सहदेव, राहू दे," पाटील म्हणाले. "वर आला का पंचगव्यानं धुऊ. आत्ता नुसतं निघू दे."

दुसऱ्या बुडीत मी बाजारचा दोर मारुतीच्या गळ्याखालून आणि काखेतून घेऊन बांधला. दम घ्यायला वर आलो तेव्हा गुरवानं विचारलं, "ओढू काय?" मी म्हटलं, "एकच बांधला. थांबा." तिसऱ्या बुडीला माझा गाठींचा दोर घेऊन खाली गेलो. हा पायांच्या बाजूनं घालायचा होता, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं जाईल. तिथे माझी पाठ झाडाच्या मुळांना लागली आणि पुढे मारुती. मधे जेमतेम एका माणसाची जागा. कमरेचा दोर चिखलात सैल पडलेला होता.

मी दोराचं टोक मारुतीच्या पायाखालून सरकवत होतो आणि मारुती हलला.

वरून ओढत होते. मी झटका दिला नव्हता. नंतर कळलं की मुहूर्ताला थोडाच वेळ राहिला म्हणून गुरवानं हात वर केला होता. बाजारचा दोर ताणला, मारुती एका बाजूनं उचलला गेला, अर्धा उभा राहिला आणि माझ्या कपाळाला त्याचा खांदा लागला. मग दगडाच्या धारेवर दोर घासला आणि तुटला. ते पाण्यात ऐकूही आलं, ओला चाबूक मारल्यासारखं. मारुती परत खाली बसला तो माझ्या कमरेच्या दोरावर.

मी वर जायला पाय मारले तर एक हात वर गेलो आणि कमरेनं मला ओढून धरलं.

दम धरून मी सव्वाशे मोजायचो. सत्तर झाले होते. कमरेच्या सुरीला हात घातला. ती माझ्या कमरेच्या आणि मुळाच्या मधे सापडली होती. ओढली तर हातातून निसटून चिखलात गेली. घाबरून चालत नाही, घाबरलं की दम लवकर संपतो. पोटरीची सुरी काढली. ओली अंबाडी चामड्यासारखी चिवट असते. माझाच पक्का वळलेला दोर मी कापत होतो आणि मनात माझ्याच हातांना शिव्या देत होतो. शेवटचे पीळ तुटले तेव्हा एकशे वीसच्या पुढे मोजणं राहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे लाल ठिपके नाचत होते. पायांत जोर नव्हता.

पण दुसरा दोर माझ्या डाव्या हातात होता. तो अजून देवाला बांधलेला नव्हता. मी त्याचा मनगटाला वेढा दिला आणि तीन झटके दिले.

वरून ओढ लागली. असा जोर माझ्यासाठी आयुष्यात कोणी लावला नव्हता. खांदा निखळतो की काय असं झालं. पाण्यातून जयजयकाराचा घुमारा ऐकू येत होता. तुटलेल्या दोराची चार माणसंही आता याच दोराला लागली होती. आठ माणसं देवाचं नाव घेऊन ओढत होती आणि मी चिखलातून, लिंबाच्या फांद्यांतून, अंगाचं सालटं काढत वर येत होतो.

माझं डोकं पाण्याबाहेर आलं. "बजरंग बली की" एवढं माझ्या कानावर पडलं. पुढचं "जय" आलं नाही.

पायरीवरच्या सगळ्यांचे चेहरे मला दिसले. पहिल्या माणसाचं तोंड उघडं होतं. कोणी कोणाला खूण केली नाही. त्यांचे हात सुटले. तापल्या तव्यावरून हात आपोआप सुटतो तसे, आठांचे सोळा हात एकदम. त्यांनी ठरवून सोडलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पाजी माणसं मी पाहिली आहेत. ही माणसं पाजी नव्हती. त्यातला एक माझ्याबरोबर लहानपणी लांबून विटीदांडू खेळलेला होता. त्यांच्या हातांना ते कोणी शिकवलं होतं ते मला माहीत आहे, आणि त्या शिकवणीची मला अजून ओकारी येते.

मी परत खाली गेलो. अर्धाच दम घेतला होता. पाणी नाकातोंडात गेलं. दोर माझ्या मनगटाला होता आणि त्याचं दुसरं टोक पायऱ्यांवरून सरसर डोहाकडे येत होतं.

पुढचं मला मनकर्णेनं सांगितलं. मुहूर्ताची गडबड सुरू झाली आणि गुरवानं हात वर केला, तेव्हाच पंचफुलेनं ओळखलं होतं. तीन झटके नाहीत, देवमन खाली आहे आणि हे ओढतात. ती घागर टाकून निघाली. गुडघाभर पाण्यातून, म्हशींच्या मधून, घाटाच्या पायऱ्यांवर चढली. माणसं बाजूला झाली, कारण तिचा पदर लागला असता. दोराचं टोक शेवटच्या पायरीवरून पाण्यात जाणार तेवढ्यात तिनं त्याच्यावर पाय दिला. मग दोन्ही हातांनी धरला. एकटीला ओढवेना. ती ओरडली, "मनकर्णामाय!" म्हातारी साठीची, पण आली. मग आणखी तिघी आल्या.

त्यांनी मला पायरीवर ओढून घेतलं. घाटाच्या खालच्या टोकाची पायरी होती ती. मी पालथा पडलो आणि पाण्यात ओकलो; भोवती बायकांचा गराडा होता, घाटावरच्यांना ते दिसलं नाही. आधी डोहाचं पाणी आलं, मग सकाळची भाकर, मग नुसतं हिरवं पित्त. पंचफुला माझ्या पाठीवर मुठी मारत होती आणि रडत होती आणि शिव्या देत होती. शिव्या मला होत्या.

"दिला! दोर देऊन आला मोठा दानशूर! आपला जोड देते काय कोनी?"

सहदेव गुरव लांबून ओरडला, "देव बांधला काय?"

पाटील दोन पायऱ्या खाली आले. त्यांचा चेहरा उतरला होता. तेवढं त्यांना श्रेय दिलं पाहिजे. पण बोलले ते असं. "देवमन, तुनं थो दोर काहून पकडला? थो देवाचा होता."

"माहा होता," मी म्हटलं.

"हाय पन... खाली देव हाय ना? कुठीसा हाय? तुनं पाह्यला ना?"

मी माझे पंजे पाहिले. ते अजून लाल होते, आणि नखांत शेंदूर भरलेला होता.

"म्या सगळा तळ चाचपला, पाटील," मी म्हटलं. "खाली देव नाही. दगड हायत."

ते खरं होतं. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला तो त्यांचा. पुढे गावात बरेच दिवस वाद चालला की मारुती वाहून दर्यापूरकडे गेला की पाताळात गेला. मला कितीतरी वेळा विचारलं. मी तेच उत्तर दिलं. दोन वर्षांनी त्यांनी अकोल्याहून नवा मारुती घडवून आणला.

पण त्या सकाळी पाटलांनी मान हलवली आणि म्हणाले, "मंग घाटाचं कसं? देव निघाल्यावर भराचं ठरलं होतं."

पंचफुला उठली. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. मनगटं दोरानं सोलली होती. तिनं खाली वाळूकडे तोंड करून हाक मारली, "घागरी आना वं!"

"पंचफुला, आयकून घे," पाटील म्हणाले. "देव निघाला नाही."

"माहा नवरा निघाला."

"हे बरं नाही करून राह्यल्या तुमी."

"मंग थांबवा." तिनं सोललेला ओला हात पाटलांच्या पुढे धरला. "पकडा हात. पकडून थांबवा. एवढे आठ गडी हायत."

पाटील एक पायरी वर सरकले. बायका घागरी घेऊन वर आल्या. त्यांना अडवायचं तर अंगाला हात लावावा लागला असता, आणि ते सगळे सोवळ्यात होते. मनकर्णा सर्वांत आधी वरच्या टोकाला गेली, जिथे पाणी डोहात येतं तिथे. तिनं घागर बुडवली. घागरीचा भकभक आवाज झाला. एका माणसाच्या धोतरावर शिंतोडे उडाले तर तो विंचू चावल्यासारखा उडी मारून मागे गेला.

"अवं माय," मनकर्णा म्हणाली, "एवढ्यानं भेता? आठ जन मिळून एक मारुती ओढत होते ना?"

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. तोंडात शेंदराचा आणि पित्ताचा कडू चिकट रस होता. बायकांनी घागरी भरल्या, डोक्यावर घेतल्या आणि पायऱ्यांवरून, गावाच्या वाटेनं निघाल्या. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच आल्या आणि तिसऱ्या दिवशीही. पाटलांनी कोतवाल पाठवला, तंटा झाला, दोन घागरी फुटल्या, पण बायकांचं पाणी घाटावरून बंद झालं नाही. ते सगळं नंतर.

मला उठवून पंचफुलेनं दरडीवर नेलं. माझा दोर तिनं गुंडाळून खांद्यावर घेतला. दरडीवर मी बसलो तेव्हा घाटावर कुजबूज चालू होती. सहदेव गुरव काहीतरी समजावून सांगत होता आणि ती आठ माणसं मान डोलवत होती. मग एकेक जण घाटाच्या खालच्या टोकाला गेला.

आधी मला उलगडा झाला नाही. मग ते डोहात उतरले तेव्हा कळलं. दोर ओढला होता. दोराच्या टोकाला मी होतो. म्हणजे सगळे विटाळले होते. वरच्या टोकाला बायकांनी घागरी बुडवल्या होत्या, म्हणून तिथे त्यांना चालत नव्हतं. गुरवानं खालच्या पायरीवर गोमूत्र शिंपडलं आणि ते मी ओकलो होतो त्याच पायरीवर आले. पाणी तिथे संथ असतं, काही हलत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी डोळे मिटले, ओंजळी भरल्या आणि डोक्यावर घेतल्या. पाटीलही उतरले. गुरव मंत्र म्हणत होता. मंत्र झाल्यावर प्रत्येकानं एकेक आचमन घेतलं आणि ते गिळलं.

पंचफुलेच्या ते ध्यानात आलं. ती माझ्याकडे पाहू लागली.

"सांगू काय त्यायले?"

"राहू दे," मी म्हटलं. "धुऊ दे."